उन्हापासून जपलेले यंत्र

सौदी अरबस्तानात थंडी वाजते, हे वाक्य मी मायदेशातल्या आप्तांना फोनवर सांगतो तेव्हा पलीकडे कोणीतरी खो-खो हसते. माझ्या एका मेहुण्यांनी तर मला एकदा प्रकृती दाखवून घेण्याचा सल्ला दिला. त्यांच्या मनातला हा देश म्हणजे वाळू, उंट, तेल आणि डोक्यावर तापलेला सूर्य. मी त्यांना दोष देत नाही. ज्या विद्वानांची हकीकत मी सांगणार आहे ते या देशात अर्धे आयुष्य काढूनही तेच मानत होते, आणि त्यांच्यापैकी एक माझाच चिरंजीव आहे.

आम्ही राहतो ते तुरैफ गाव या देशाच्या उत्तर टोकाला, जॉर्डनच्या सीमेजवळच्या उघड्या पठारावर आहे. मार्गशीर्ष लागला की तेथे वारा सुटतो. पहाटे संध्येसाठी गच्चीवर पाणी नेऊन ठेवावे, आणि घोंगडी आणायला आत जाऊन यावे, तोवर पंचपात्रीतल्या पाण्यावर बर्फाची साय धरू लागलेली असते. वायूचा स्पर्श उष्णही नसतो आणि शीतही नसतो, असे आम्ही पाठशाळेत उच्च स्वरात घोकले होते. गुरुजींविषयीचा माझा आदर आजही तसूभर कमी झालेला नाही. एवढेच म्हणतो, की गुरुजी तुरैफला कधी आले नव्हते.

आम्ही येथे आलो ते सूनबाईमुळे. ती डॉक्टर आहे. पूर्व किनाऱ्यावरच्या उष्ण खोबर शहरातल्या एका रुग्णालयातून येथल्या सरकारी रुग्णालयात तिला वरची जागा मिळाली, आणि मुलालाही जवळच्या खनिज कारखान्यात अभियंत्याचे काम मिळाले. खोबरचा समुद्र, मॉल आणि शनिवारची मराठी मंडळी सोडून दोघे या पठारावर आले, आणि आल्यानंतर काही महिन्यांतच सूनबाईला दिवस राहिले. तिची आई हयात नाही. बाळंतपण पौषात येणार होते. तेव्हा माझी पत्नी म्हणाली, "मी जाते. अहो, तुम्हीही चला. इथे एकटे राहून तुम्ही नुसता आमटी-भात खाल."

पत्नीच्या हातांविषयी येथे सांगणे भाग आहे. आमच्या कुळात गेल्या तीस-पस्तीस वर्षांत जन्मलेले एकही मूल असे नाही की ज्याचे पहिले न्हाणे तिच्या हातून झाले नाही. पाटावर पाय पसरून बसावे, पायांवर बाळ घ्यावे, तेल जिरवावे, ऊन पाणी अंगावरून सोडावे. रडणारे मूल तिच्या पायांवर निवांत होई. अलीकडे त्याच हातांना संधिवाताने धरले होते. थंडीत तिची बोटे सकाळी मिटलेली असत आणि उघडता उघडत नसत. कोमट पाण्याच्या भांड्यात हात बुडवून ती बसून राही, आणि कोणी पाहिले की म्हणे, "भांडी भिजत घातली आहेत."

पण सूनबाईपासून ते लपणार कसे? तिने पत्नीचे हात हातात घेऊन पाहिले आणि स्पष्ट सांगितले, "आई, ही खोली दिवसभर सारखी उबदार राहिली पाहिजे. थोडा वेळ गरम, थोडा वेळ गार, असं चालणार नाही. तुम्हालाही नाही आणि बाळालाही नाही. बाळंतपणाआधी तशी सोय झाली नाही, तर मी तुमचं परतीचं तिकीट काढणार."

"आणि बाळाला कोण न्हाऊ घालेल?"

"नर्स येईल."

"नर्स!" पत्नी म्हणाली. आणि ती उठून स्वयंपाकघरात गेली. बराच वेळ तिथून भांड्यांचा आवाज येत राहिला.

घरात चार वातानुकूलन यंत्रे होती. चारही केवळ थंड करणारी! ज्याने ती बसवली त्याने घरापलीकडे पठार पाहिले नसावे. उबेसाठी लाल सळयांचा एक विजेचा हीटर होता. त्याच्यासमोर बसले की छाती भाजे आणि पाठ गारठे, आणि इस्त्री लावली की सगळ्या घरातले दिवे जात. पत्नीने शेगडीची सूचना केली. सूनबाईने ती तेथल्या तेथे मोडून काढली. बंद खोलीत कोळसे पेटवून निजलेली माणसे हिवाळ्यात तिच्यासमोर आणली जातात. त्याविषयी ती जे दोन शब्द बोलली ते ऐकून पत्नीने शेगडीचे नाव पुन्हा काढले नाही. बाळंतिणीच्या ओव्याच्या धुरीचाही निकाल त्याच बैठकीत लागला.

उरले ते हीट पंप नावाचे यंत्र. मुलाने मला ते समजावून सांगितले.

"बाबा, बाहेरची हवा कितीही थंड असली तरी तिच्यात उष्णता असतेच. हे मशीन ती ओढून घेतं आणि घरात आणून सोडतं."

"म्हणजे दुर्जनातही काही गुण असतोच, तो सज्जनाने शोधून घ्यावा, तसे?"

"तसंच समजा. आपला एसी काय करतो? आतली उष्णता बाहेर टाकतो. हे मशीन तेच काम उलट्या दिशेने करतं."

"उलट्या दिशेने" हे त्याचेच शब्द. वाचकांनी ते लक्षात ठेवावेत, कारण त्याच्या नाही राहिले.

आता यंत्र निवडायचे होते. सामान्य गृहस्थ दुकानात जातो, दोन-चार गोष्टी विचारतो आणि वस्तू घेऊन घरी येतो. पण माझा मुलगा मोठमोठ्या कारखान्यांसाठी यंत्रे घेणारा माणूस. त्या जगात खरेदीचा एक विधी आहे, आणि यज्ञातला ऋत्विज तो जितक्या निष्ठेने पाळील तितक्याच निष्ठेने ही मंडळी पाळतात. आधी गरजेचे टिपण होते. मग तीन कोटेशने येतात. मग पुरवठादाराला शंका विचारल्या जातात, त्याची उत्तरे येतात, उत्तरांवर नव्या शंका येतात. आईची बोटे उघडत नाहीत, एवढी एक गरज. तिचे टिपण करायला त्याला आठवडा लागला.

शिवाय समिती हवी. समितीचे अध्यक्ष म्हणून खोबरचे एक ज्येष्ठ मराठी अभियंता व्हिडिओवर विराजमान झाले. मुलगा त्यांना दादा म्हणतो. मी मनातल्या मनात त्यांना आचार्य म्हणत असे. शीतकरणात त्यांचे केस पांढरे झाले आहेत. खोबर परिसरात कोणाच्या घरी कोणता एसी बसावा हे त्यांना विचारल्याशिवाय ठरत नाही. पडद्यावर ते अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात होते आणि मागे पंखा फिरत होता. आम्ही तिघे या बाजूला कानटोप्या घालून बसलो होतो.

"काका, नमस्कार!" ते मला म्हणाले. "काय, काश्मीरला गेलात की काय?"

"तुरैफला आहोत."

"अहो, पण सौदीच ना शेवटी!" आणि ते मनसोक्त हसले. "हे बघ," मग ते मुलाला म्हणाले, "टनेज मोठं घे. दोन टन सांगतायत ना? तू तीन घे. मशीन मोठं असलं की चिंता नाही."

सर्व शास्त्रांत एखादे सूत्र असे असते की त्याने सगळ्याच प्रश्नांची उत्तरे देता येतात. आचार्यांचे सूत्र टनेज हे होते. खोली उन्हाच्या बाजूला आहे? टनेज मोठे घ्या. छप्पर तापते? टनेज. घरात हिवाळा शिरला आहे? तेच.

सूनबाई तोवर सोफ्यावर आडवी होती. ती म्हणाली, "दादा, टन हा थंड करण्याचा आकडा आहे ना? बाहेर उणे तापमान असताना गरम किती करतं, तो आकडा कुठे आहे?"

पडद्यावर आचार्यांनी मागे वळून पंख्याकडे पाहिले.

"त्याची नोंद असते," आचार्य म्हणाले. "पण तसा काही फरक पडत नाही."

"डॉक्टर आहे ती," मुलाने त्यांना सांगितले, जणू आपल्या बायकोच्या एखाद्या व्याधीबद्दल क्षमा मागावी तसे.

दुकानात आम्ही सारे गेलो. एका भिंतीवर फक्त थंड करणारी यंत्रे, दुसरीवर गरम-थंड करणारी. विक्रेता हैदराबादचा होता. त्याच्या अंगात दोन स्वेटर आणि वर जाकीट होते, कानांवर मफलर होता, आणि बोलताना त्याच्या तोंडातून वाफ येत होती.

"अंकल, ये हॉट-कोल्ड है," तो म्हणाला. "लगा लो, भूल जाओ. खलास."

"बाहर माइनस में हो, तब कितना गरम करेगा?" सूनबाईने विचारले.

त्याने मफलर जरा सावरला आणि दयेने तिच्याकडे पाहिले. "मॅडम, सौदी में माइनस?"

मी त्या माणसाला मनोमन नमस्कार केला. श्रद्धा कशी असावी हे मी आयुष्यभर इतरांना शिकवत आलो; प्रत्यक्षाने इतके झोडपूनही अविचल राहिलेली श्रद्धा मी त्या दिवशी प्रथम पाहिली.

सूनबाईने खुर्ची मागून घेतली, ती दुकानात ठाण मांडून बसली, आणि तिने एकेका यंत्राची पुस्तिका काढायला लावली. बहुतेक पुस्तिकांत गारव्याची वर्णने पानेच्या पाने होती आणि उबेविषयी एक ओळ. तीही बाहेर सुखद हवा असतानाची. बाहेर गोठत असता यंत्राचा जोर उतरतो. किती उतरतो ते सांगायला कोणी तयार नव्हते. एका पुस्तिकेत मात्र ते सरळ दिलेले होते. उण्यातही ते यंत्र जोर बराचसा टिकवून धरत होते. टनांत पाहिले तर ते समोरच्या मोठ्या यंत्रापेक्षा लहान होते.

"हे," ती म्हणाली.

"पण दादा तीन टन म्हणाले..."

"दादांच्या घरात मूल जन्माला येणार आहे का?"

यंत्र ठरले. येथे वाचकाला वाटेल की हकीकत संपली, कारण निवड योग्य झाली होती. मलाही तसेच वाटले. पण विद्वानांच्या हाती योग्य वस्तू आली म्हणजे संकट टळतेच असे नाही.

या यंत्राचे दोन भाग असतात. एक खोलीत, एक घराबाहेर. बाहेरचा भाग कोठे ठेवायचा हे समितीने चर्चेलाही घेतले नाही. तो प्रश्नच नव्हता. खोबरमध्ये बाहेरचे यंत्र उन्हात ठेवणे म्हणजे तान्हे मूल उन्हात विसरणे. तेथले शहाणे लोक यंत्राला घराच्या उत्तरेच्या सावलीत ठेवतात, वर छप्पर करतात, बाजूंना आडोसे लावतात. आचार्यांनी तर तशा पत्र्याच्या खोक्याचे चित्रच स्वहस्ते काढून पाठवले. त्यांचे ते जुने, गाजलेले चित्र होते. कितीतरी घरांना त्यांनी ते प्रसादासारखे वाटले आहे.

मी हळूच सुचवले, "उष्णता देणारी वस्तू आहे. ती घराच्या आग्नेयेला असलेली बरी. अग्नीची दिशा ती."

"बाबा, प्लीज," मुलगा म्हणाला. "यात वास्तुशास्त्र नको. हे सायन्स आहे."

मी गप्प बसलो. मतभेदात गप्प बसणे हा माझ्या वयाचा अधिकार आहे आणि मी तो वारंवार वापरतो. मग घर आणि कुंपण यांच्यामधल्या उत्तरेकडच्या अरुंद बोळात, जेथे हिवाळ्यात सूर्यकिरण कधी पोचत नाही, तेथे यंत्र बसले. त्याच्या तिन्ही बाजूंनी लाकडी चौकटीवर पत्रा आला, वर छप्पर आले, समोर झडपांची जाळी आली. मुलाने फोनवर मराठी मंडळींच्या गटात फोटो टाकला आणि खोबरहून वर केलेल्या अंगठ्यांचा वर्षाव झाला.

घरमालक पाहायला आले. वृद्ध, सभ्य गृहस्थ. अंगात मेंढीच्या कातड्याचा पायघोळ झगा, ज्याला येथे फर्वा म्हणतात. त्यांनी खोक्याभोवती एक फेरी मारली आणि मुलाला अरबीत विचारले की हे कशासाठी.

"उन्हापासून वाचवायला," मुलाने सांगितले.

त्यांनी आकाशाकडे पाहिले. ढग होते. मग त्यांनी बोळातून आलेल्या वाऱ्यामुळे झग्याची कड गळ्याशी आवळली आणि "तय्यिब", म्हणजे बरे, एवढेच म्हणून ते निघून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरून पत्नीसाठी तसाच एक फर्वा आला. कातडे अंगावर घ्यावे की नाही, मृगाजिनाला जे चालते ते मेंढीला चालेल का, लोकर शुद्ध मानली तर तिच्या मागचे कातडे कोणत्या वर्गात धरावे, असा सविस्तर विचार मी करत बसलो. निर्णयाला येऊन मान वर केली तेव्हा पत्नी तो घालून पोळ्या लाटत होती.

यंत्र सुरू झाले आणि पहिले काही दिवस घर खरोखर उबदार झाले. पत्नीची बोटे सकाळी जराशी सैलावू लागली. तिने तेलाची बाटली काढून ठेवली, जुनी धोतरे फाडून दुपटी शिवली. मग पौष लागला, धुके आले आणि वारा पडला. पहाटे यंत्र चालता चालता गप्प होई. बाहेरून वाफेचा लोट उठे, खोली गार होत जाई, मग यंत्र पुन्हा सुरू होई आणि थोड्या वेळाने पुन्हा गप्प. खोली गरम, गार, गरम, गार. सूनबाईने जे व्हायला नको म्हणून सांगितले होते, नेमके तेच.

आचार्यांना फोन गेला.

"अरे, ती डीफ्रॉस्ट सायकल. बाहेरच्या युनिटवर बर्फ धरतो, तो वितळवायला मशीन मधे थांबतं. एकदम नॉर्मल."

"दादा, पण फार वेळा थांबतंय."

"मग तेच तर मी म्हणत होतो. टनेज!"

पत्नी जवळच बसली होती. तिचे हात फर्व्याच्या बाह्यांत लपलेले होते. "नॉर्मल म्हणजे काय रे?" तिने मुलाला विचारले.

"म्हणजे असंच व्हायचं असतं, आई."

"असं होय," ती म्हणाली. "मग माझी बोटंही नॉर्मल."

त्या दिवशी सूनबाईने चहा घेताना, कोणाकडे न पाहता, विमानांच्या वेळा विचारल्या. तिची मुद्रा कठोर नव्हती. रुग्णाच्या नातलगांना काही सांगायचे असते तेव्हा डॉक्टरांची होते तशी होती. पत्नीने ऐकले. ती उठली आणि शिवलेली दुपटी पुन्हा एकदा घड्या घालून ठेवू लागली. आधीच्या घड्या काही मोडलेल्या नव्हत्या.

आता तुळशीची गोष्ट. मायदेशातून येताना आम्ही काही दिवस खोबरला मुलाच्या स्नेह्यांकडे उतरलो होतो, आणि तेथून निघताना पत्नीने एक तुळस मांडीवर घेऊन वाळवंटातला सारा प्रवास केला होता. घरमालक तिला रेहान म्हणत आणि आले की एक पान खुडून हुंगत. प्रत्येक वेळी माझ्या काळजात काहीतरी हले, पण पाहुण्याला सुवास नाकारावा असे कोणत्या शास्त्रात सांगितले आहे? थंडी वाढली तशी मला तुळशीची चिंता लागली. मग मला खोबरची आठवण झाली. खोबरच्या गच्चीत बाहेरच्या यंत्रातून उष्ण झोत येई आणि त्यासमोर माझे सोवळ्याचे धोतर बघता बघता वाळे. येथे तर साक्षात ऊब देणारे यंत्र, आणि तेही वाऱ्यापासून झाकलेल्या पत्र्याच्या खोक्यात! याहून सुरक्षित जागा कोणती? जाळीचे दार उघडून मी तुळशीची कुंडी श्रद्धापूर्वक यंत्राच्या पुढ्यात ठेवली. तिच्या मंजिऱ्यांपासून उगवलेले एक लहान रोप होते. खोक्यात दुसऱ्या कुंडीला जागा नव्हती, म्हणून ते बिचारे आग्नेयेच्या अंगणात भिंतीशी उघड्यावर राहिले.

सकाळी पाणी घालायला गेलो. जाळी उघडताच आतून असा गारवा अंगावर आला की मी दोन पावले मागे सरलो. तुळस काळी पडली होती. पाने काचेसारखी कडक झाली होती आणि बोट लागताच गळत होती. यंत्राच्या पाठीवर बर्फाचा जाड थर होता, खाली वितळलेले पाणी पुन्हा गोठून पायथ्याशी चिकटले होते. मी कुंडी उचलून स्वयंपाकघरात आणली. अंगणातले ते लहान रोप मात्र मान टाकून का होईना, हिरवे होते.

पत्नी तुळशीकडे पाहत राहिली. मी रागाची वाट पाहत होतो.

"कुठे ठेवली होतीत?"

"यंत्राच्या खोक्यात. उबेला."

"उबेला." तिने गळलेले एक पान बोटांच्या टोकांत धरायचा प्रयत्न केला, बोटे जुळली नाहीत, पान पडले. मुलगा कामावर जायच्या तयारीत दाराशी उभा होता. ती त्याच्याकडे वळली. "मला एक सांग. हे मशीन बाहेरच्या हवेतली ऊब ओढून घेतं म्हणालास ना? मग उरलेली गार हवा कुठे जाते?"

"बाहेर. समोरून फेकतं ते."

"बाहेर म्हणजे त्या खोक्यातच ना? आणि मग पुन्हा ओढतं कुठली हवा?"

मुलाने बोळाच्या दिशेने पाहिले.

"ज्या खोक्यात तुळस गोठून मेली, त्याच खोक्यातली हवा पिळून तू मला ऊब देतोयस," पत्नी म्हणाली. "आणि हे तिथे देव ठेवून आले. बाप तसा बेटा!"

मी मुलाचा चेहरा पाहिला. आपले लेकरू मोठ्या परीक्षेत साध्या बेरजेत चुकले की त्याचा चेहरा होतो तसा तो झाला होता. त्याने बॅग खाली ठेवली, बोळात जाऊन खोक्यात हात घातला, मग बाहेरच्या हवेत हात धरला, मग पुन्हा खोक्यात. मग त्याने तेथूनच फोन लावला. स्पीकर चालू होता.

"दादा, खोका काढावा लागेल."

"खोका? अरे, का? खोबरला आपण नेहमी..."

"खोबरला मशीन गरमी बाहेर टाकतं. इथे ते थंडी बाहेर टाकतंय, आणि आपण ती थंडी डब्यात जपून ठेवलीये. खोबरला उन्हापासून पळायचं, इथे ऊन शोधायचं."

"म्हणजे तसं पाहिलं तर... उलटं आहे सगळं."

"हो दादा. उलटं."

"हे तुझ्या लक्षात कसं आलं?"

मुलाने माझ्याकडे पाहिले, मग आईकडे. "साइट ऑब्झर्व्हेशन," तो म्हणाला.

त्या दिवशी तो कामावर गेला नाही. पत्रे त्याने स्वतः उचकटले, आणि यंत्र बसवणाऱ्यांना बोलावून ते उंच लोखंडी घोडीवर, चहूबाजूंनी मोकळे, जेथे सकाळचे ऊन प्रथम पडते तेथे हलवायला लावले. ती जागा घराची आग्नेय होती. उगवतीकडून दक्षिणेकडे सरकणारे कोवळे ऊन त्या कोपऱ्यात पडते, यात चमत्कार काही नाही. ज्यांनी तो कोपरा अग्नीला दिला तेही थंडीत कुडकुडत उन्हाला बसणारी माणसेच असली पाहिजेत. मुलाने मात्र खोबरला कळवताना लिहिले, की सकाळच्या सूर्यप्रकाशाचा लाभ घेण्याच्या दृष्टीने नवी जागा निवडण्यात आली आहे. ते सायन्स होते.

पुढे आचार्यांनी उत्तरेकडील शीत प्रदेशांतल्या यंत्रस्थापनेसंबंधी एक विस्तृत टिपण गटावर टाकले. त्यात खोके असू नये असा स्पष्ट इशारा होता आणि नवे, सुंदर चित्रही होते. तुळशीचा उल्लेख नव्हता. पत्नीचा तर नव्हताच. कोणीतरी खाली लिहिले, "दादा, तुमच्या अनुभवाला तोड नाही."

धुके तसेच होते, पहाटे पंचपात्रीतले पाणी तसेच गोठत होते. पण यंत्र आता क्वचित थांबे आणि थांबले तरी खोलीला कळत नसे. पत्नीची बोटे एकदम उघडली असे मी म्हणणार नाही. आधी तिला पेला धरता आला, मग कणीक मळता आली. सूनबाई रोज तिचे हात दाबून पाही. विमानांचा विषय तिने पुन्हा काढला नाही. एके दिवशी हात पाहून झाल्यावर ती नुसती म्हणाली, "आई, पाट लागेल ना तुम्हाला? इथे कुठे मिळेल?" पाट मुलाने खोक्याच्या लाकडी चौकटीपासून केला. आचार्यांच्या चित्राचा एवढा एक भाग कामी आला.

नात झाली. रुग्णालयातून घरी आल्यावर पहिल्या न्हाण्याच्या दिवशी पत्नी खोलीत पाटावर पाय पसरून बसली. नातीला पायांवर घेतले. तिने आधी आपले तळवे एकमेकांवर चोळले, उघडले, मिटले, पुन्हा उघडले. आम्ही दाराशी उभे राहून तिच्या बोटांकडे पाहत होतो हे तिला ठाऊक होते. मग तिने तेल घेतले. मूल रडले, थोडे आणखी रडले, आणि मग तिच्या अंगठ्यांखाली हळूहळू शांत होत गेले. सूनबाई पलंगावरून पाहत होती. तिचे डोळे भरले होते, पण ती डॉक्टर असल्यामुळे सर्दी झाली म्हणाली.

पत्नीने कोपराने पाण्याचा ऊनपणा पाहिला. कपाळावर आलेला घाम दंडाने पुसला आणि मान वर केली.

"अरे, ते तुझं मशीन जरा कमी कर बघू," ती मुलाला म्हणाली. "उकडतंय मला."